आधी बॉनेट उघडा

“फोटो पोचला का, फोटो?” आप्पा फोनवर इतक्या मोठ्यानं ओरडत होते की तारा नसत्या तरी पुण्यापर्यंत ऐकू गेलं असतं. ट्रंक कॉल म्हटला की ते असेच ओरडत. “हो, हो, तीच आमची कुंदा! उजव्या बाजूला उभी आहे ना, ती. काय? हो तर, मूळ रंग! हस्तिदंती! दोन्ही कार्ब्युरेटर मूळचे. कुणाला हात म्हणून लावू दिलेला नाही!”

आई आणि मी दारात उभ्या होतो. आई माझं लग्न जमतंय या आशेनं, आणि मी ते फिसकटतंय या आशेनं.

आप्पांनी फोन ठेवला आणि कपाळ पुसलं.

“काय म्हणाले रिसबूड?” आईनं विचारलं.

“येतायत. अक्षय्य तृतीया झाली की त्यानंतरच्या रविवारी. पत्रिका जुळतेय.”

“अगोबाई! आणि फोटो बघून काय म्हणाले?”

“छान आहे म्हणाले.” आप्पा जरा घुटमळले. “हिला म्हणाले की गाडीला, ते नीट ऐकू आलं नाही.”

फोटो आप्पांनीच काढला होता. गाडीवर लख्ख ऊन, आणि माझ्या तोंडावर जांभळीची सावली. स्टुडिओवाल्यानं बिचाऱ्यानं विचारलंही होतं, मुलीचा वेगळा एखादा नाही का म्हणून. आप्पा त्याला म्हणाले, “वेगळा कशाला? यात सगळं आलंय.”

सगळं म्हणजे ती गाडी. विलायती, बिनछपराची, दोनच माणसं बसतील अशी. मी जन्मायच्या आधी आप्पांनी ती एका जहागीरदाराच्या उधळ्या मुलाकडून घेतली होती. ही शर्यतीत धावायची गाडी, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आमच्या सांगलीतल्या अंगणात ती कधी धावली नाही. दसऱ्याला आणि पाडव्याला ती गेटपर्यंत ढकलत न्यायची आणि तिथून ढकलतच परत आणायची. ढकलायला मी, आई आणि आप्पांच्या लाकडाच्या वखारीतले दोघे हमाल. स्टिअरिंगवर आप्पा, डोळ्यांना गॉगल लावून. वारा लागू नये म्हणून! मी त्यांची एकुलती एक मुलगी. आपल्याला मुलगा नाही, असं आप्पा कधी चुकूनसुद्धा म्हणाले नाहीत. लोकांना वाटे, काय मोठ्या मनाचा माणूस. मोठं मन डोंबलाचं! त्यांना गाडी होती.

आणि रिसबूड हे त्यांच्याच जातकुळीचे. पुण्यात बंगला, बंगल्यामागे शेड, शेडमध्ये तसल्याच जुन्या गाड्या. मुलगा शिरीष इंजिनिअर. आईला यातलं शेवटचं तेवढं दिसत होतं.

“पण ते आणखी एक म्हणाले,” आप्पा खुर्चीत बसत म्हणाले. “कुठलीही गाडी बघताना मी आधी बॉनेट उघडतो, म्हणाले.”

“मग उघडू देत की.”

“उघडू देत काय! आत काय अवस्था आहे, बघितलंयस कधी?”

“आणि कुंदाच्या नोकरीचं विचारलंत का?”

“हां, ते सांगितलं त्यांनी. त्यांच्याकडे सुना नोकरी करत नाहीत. गरजच नाही. जमलं तर पावसाच्या आधी उरकून टाकू, म्हणाले.”

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते, तात्पुरत्या जागेवर. मोठ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, जूनमध्ये तुला कायम करते. म्हणजे पावसाआधी लग्न झालं की माझी शाळा गेली. मला लग्नाचं वावडं नव्हतं, पण ती शाळा मला हवी होती. तिथं मला कुणी कशाच्या उजव्या बाजूला उभं करत नव्हतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत बसायचा.

“आप्पा, मला नोकरी सोडायची नाही,” मी म्हटलं.

“बघू,” आप्पा म्हणाले. आप्पांचं ‘बघू’ म्हणजे ते बघणार नाहीत, एवढाच अर्थ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बॉनेट उघडलं. त्या गाडीचं बॉनेट मधोमध बिजागरीवर असतं आणि दोन्ही बाजूंनी उचलावं लागतं. आत बघितलं मात्र, आप्पा बाजूला पडलेल्या टायरवर मटकन बसले. बाहेरून बाई पैठणी नेसलेल्या आणि आत नुसता उकिरडा. ग्रीसवर धूळ आणि धुळीवर ग्रीस, असे थरच्या थर. इंजिनामागच्या पत्र्याला जागोजाग गंज. बॅटरीच्या खोबणीत उंदरांनी संसार थाटलेला, त्यात माझ्या लहानपणीच्या झबल्याची चिंधीसुद्धा होती. तेवीस-चोवीस वर्षं हा माणूस रोज सकाळी फडकं घेऊन ही गाडी पुसत होता, आणि आत काय चाललंय ते त्याला माहीत नव्हतं. यात नवल नाही. आमच्या घराचंही तसंच होतं.

“पेंटर बोलवा की,” आई दारातूनच म्हणाली.

“पेंटर? तो ट्रकच्या पाठीवर मोर काढतो. इथंही काढील एखादा.” मग आप्पांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे खरंच बघितलं. “कुंदे, तुझा हात स्थिर आहे गं.”

तेवीस वर्षांत माझ्यात काहीतरी आहे हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. ज्या कामानं माझी नोकरी जाणार, त्याच कामाला मी हो म्हटलं. हसू नका. आईनं डोळ्यांनी विनवलं हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे आप्पांनी आपल्याला काहीतरी सांगितलं याचंच मला मेलं अप्रूप वाटलं.

शाळेला सुट्टी लागलीच होती. आधी आम्ही एकेक वस्तू सुटी केली. बॅटरी, हॉर्न, कार्ब्युरेटर, पितळी नळ्या, तारांचा गुंता. कुठली तार कुठून काढली हे कळावं म्हणून मी प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. मग रॉकेलनं धुणं. तारेच्या ब्रशनं गंज खरवडणं. इंजिनाच्या बोळकांडीत जिथं ब्रश जाईना तिथं जुने टूथब्रश, आणि जिथं तेही जाईनात तिथं कापडाची वात करून मी बोटानं फिरवायची. रात्री जेवताना वरणभाताला रॉकेलचा वास यायचा. आई म्हणायची, “अशा हातांनी पाहुण्यांसमोर जाणार का ही?” आप्पा म्हणायचे, “हातांकडे कोण बघतंय?”

त्यात त्यांचं चुकलं नाही.

स्वतः आप्पा काय करत? ते स्टुलावर बसत आणि सांगत. पण सांगत छान, हे मान्य करायला हवं. ही नळी कशासाठी, ही स्प्रिंग कुठं खेचते, पेट्रोल आणि हवा कुठं भेटतात. असं बोलताना त्यांचा आवाज निराळाच होई. आईशी ते त्या आवाजात बोललेले मी कधी ऐकले नव्हते, माझ्याशी तर नाहीच. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरून, ओल्या पॉलिशपेपरनं घासून मी तो असा गुळगुळीत केला की आप्पांनी डोळे मिटून त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “वा! तुझ्यासारखा हात माझ्या अख्ख्या वखारीत कुणाचा नाही.” दिवसभर मी तरंगत होते. घोडी तेवीस वर्षांची, आणि एवढ्यावर तरंगते!

भाड्यानं कॉम्प्रेसर आणला. सगळीकडे वर्तमानपत्रं चिकटवली, तोंडाला फडकं बांधलं आणि मी रंग मारला. आधी तांबूस प्रायमर, मग हस्तिदंती रंगाचे पातळ हात, एकावर एक. इंजिनाला गडद तांबडा. धुराच्या नळीला चंदेरी. पितळ चिंच लावून घासलं आणि मग पॉलिशनं. शुक्रवारी सकाळी शेवटचा हात मारून मी चहाला आत गेले. आप्पा तर नवऱ्यामुलासारखे खुशीत होते. रिसबूड रविवारी यायचे होते.

चहा पिऊन परत आलो तर गॅरेजात आई.

आई गॅरेजात कधी पाऊल टाकत नसे. पण ती अंघोळ करून, हातात तबक घेऊन बॉनेटपाशी वाकली होती. आमच्या घरात नवीन काहीही आलं की आई त्याच्यावर स्वस्तिक काढते. शिलाई मशीन, मिक्सर, गोदरेजचं कपाट, इतकंच काय, गॅसचं सिलिंडरसुद्धा. तिच्या मते गाडी आता नवीन झाली होती. इंजिनामागच्या त्या हस्तिदंती पत्र्यावर, अगदी मधोमध, तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढून ती वर अक्षता टाकत होती. रंग ओला. तांदूळ चिकटलेले.

आप्पांच्या हातातली बशी खाली पडली.

“अगं ए! काय केलंस हे! काय केलंस तू हे! अक्कल आहे का काही? कुणी सांगितलं होतं तुला इथं तडमडायला?”

मी टायफॉइडनं आठवडाभर फणफणले होते तेव्हा आप्पांचा आवाज चढला नव्हता. वखारीला आग लागली तेव्हाही नाही. आई तबक धरून तशीच उभी राहिली. तिच्या अंगठ्याला कुंकू लागलं होतं.

“मी पोरीच्या लग्नासाठी काढलं,” ती म्हणाली. “गाडीसाठी नाही.” आणि निघून गेली.

मी ते खरवडून पुसून काढलं आणि वरून रंग मारला. पांढरं झालं. तासाभरानं बघते तर खालून गुलाबी वर आलेलं. पुन्हा घासलं, पुन्हा मारला. पुन्हा गुलाबी. रंगातल्या थिनरनं कुंकू विरघळतं आणि वर चढतं, हे मला तेव्हा कळलं. पार पत्र्यापर्यंत काढून पुन्हा पहिल्यापासून सगळं करायला वेळ नव्हता. शनिवारी संध्याकाळपर्यंत ते मारता मारता माझा हात दुखायला लागला, आणि स्वस्तिक फिकं फिकं होत गेलं, पण गेलं नाही. आप्पा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. आईनं आपले पोह्यांना कांदे चिरले.

रविवारी रिसबूड आले. टॅक्सीतून उतरले ते घराच्या पायऱ्यांकडे वळलेच नाहीत.

“नमस्कार, नमस्कार. बसू नंतर. आधी बॉनेट उघडा.”

झालं! मुलगी बघायचा कार्यक्रम गॅरेजात. आईनं बैठकीत घातलेल्या चादरी तशाच राहिल्या. रिसबूड, सौ. रिसबूड आणि चिरंजीव शिरीष गाडीभोवती उभे. त्या बॉनेटला टेकू नसतो, कुणीतरी ते धरून उभं राहावं लागतं. आप्पांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, “कुंदा, धर बरं जरा.” म्हणून मी, नवं पातळ नेसून, केसात गजरा माळून, बॉनेट धरून उभी राहिले. वधूपरीक्षेला मुली चहाचा ट्रे धरतात हे ऐकलं होतं.

रिसबुडांनी खिशातून भिंग काढलं. भिंग! आणि आत डोकं घातलं. ते आतूनच बोलत होते. “वा. वा. दोरा गुंडाळलेल्या मूळच्या तारा. वा. पितळ कुणी घासलं?”

“हिनंच,” आप्पा म्हणाले.

“असं का?” पण डोकं काही बाहेर आलं नाही.

सौ. रिसबूड माझ्या नखांकडे बघत होत्या. “मेंदी काढलीये का गं?”

“नाही, प्रायमर आहे,” मी म्हटलं. त्या जरा मागे सरकल्या.

शिरीषनं घसा साफ केला. आता हा काहीतरी विचारणार म्हणून मी मान वर केली. त्यानं विचारलं, “जड आहे का?” मी म्हटलं, “आहे.” त्यानं मान हलवली. झाला आमचा परिचय. बॉनेट मात्र मीच धरून.

“हे काय हो?” आतून आवाज आला. रिसबुडांचं भिंग मधोमध थांबलं होतं. “इथं गुलाबी काय आलंय? स्वस्तिक दिसतंय. आणि वरून रंग मारून लपवलंय.”

आप्पा कसंनुसं हसले. “त्याचं काय आहे, आमची ही. बायकांना काय कळतंय? नवीन वस्तू दिसली की फासलं कुंकू. अहो, अडाणीपणाला काही औषध आहे का?”

आई त्याच वेळी पोह्यांच्या बशा घेऊन दारात आली होती. ती आत आली, बशा टेबलावर ठेवल्या, आणि पदर सारखा करून भिंतीला लागून उभी राहिली. सौ. रिसबूड हसल्या. शिरीषही हसला. मला त्या बॉनेटची कड हातात रुतत होती.

रिसबूड एकदाचे बाहेर आले. पोह्यांची बशी उचलली, दुसरा हात गाडीच्या मडगार्डवर. म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा तो हात फिरत होता.

“हे बघा गद्रे, आम्हाला काही नको. देणंघेणं, मानपान, काही म्हणजे काही नको. मुलगी आणि नारळ. देवानं आम्हाला सगळं दिलंय.” दोन घास झाले. “जीव तुटतो तो एवढ्याचसाठी, की अशी वस्तू या धुळीत पडून आहे. आमच्याकडे शेड आहे, माणूस आहे.”

“आम्ही झाकून ठेवतो,” आप्पा म्हणाले.

“वरात यातूनच काढू आपण. काय शिरीष?”

“हो,” शिरीष म्हणाला.

“हो तर! वरातीला देऊ की!” आप्पा खुलले. “धुऊनपुसून देऊ.”

“आणि वरातीनंतर?”

“वरातीनंतर काय? आणू परत. ट्रकवर घालून.”

“इश्श, वरातीत गेलेली वस्तू परत मागतं का कुणी?” सौ. रिसबूड म्हणाल्या.

सगळे हसले. आप्पाही हसले, पण त्यांचा डोळा रिसबुडांच्या हातावर होता. रिसबूड गाडी मागत नव्हते, नुसते कुरवाळत होते. आप्पा नाही म्हणत नव्हते, नुसते हसत होते. दोघे मोठे सभ्य गृहस्थ! अशानं संध्याकाळपर्यंत सुपारी फुटली असती, आणि गाडीचं मागाहून दोघं भांडत बसले असते. तोवर माझी शाळा गेलेली.

मी आईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. मग मी बोलले.

“आप्पा, गाडी माझ्याबरोबरच जाऊ दे की पुण्याला. यांना एवढी आवडलीये. तसं आत्ताच ठरवून टाका.”

मला आप्पा माहीत होते. गाडी म्हटलं की ते नाही म्हणणार, आणि नाही म्हटलं की रिसबूड टॅक्सीत बसणार. सरळ गोष्ट होती. त्यात मला भिण्यासारखं काही नव्हतं. पण आप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं. ते हो म्हणाले तर माझी शाळा गेली असती, आणि तरीही, तो महिनाभर त्यांच्या स्टुलाशेजारी बसून काढल्यावर, मला त्यांनी हो म्हणायला हवं होतं. एकदा म्हणा, आप्पा. माझ्यासाठी गाडी गेली तर जाऊ दे, म्हणा.

“गाडी?” आप्पा म्हणाले. “नाही. गाडी नाही जायची.”

“अहो, पण पोरीचीच इच्छा आहे,” रिसबूड म्हणाले.

“तिला काय कळतंय? मुलगी न्या ना. उद्याचा मुहूर्त धरा, उद्या न्या. पण गाडीवरचा हात काढा आधी.”

“म्हणजे? आम्ही मागितली का तुमची गाडी?”

“मग सकाळपासून काय करताय?” आप्पांचा आवाज शुक्रवारसारखा चढला. “मुलीच्या तोंडाकडे तरी बघितलंत का एकदा?”

हे आप्पा म्हणाले. आप्पा!

“शब्द जपून वापरा गद्रे. आम्ही काही हुंडा मागायला आलेलो नाही.”

तो शब्द रिसबुडांनीच पुरवला. आप्पांचा चेहरा एकदम उजळला. इतका वेळ त्यांना नुसती गाडी द्यायची नव्हती. आता त्यांना कारण सापडलं.

“हुंडाच आहे हा! दुसरं काय आहे? हुंडा! माझ्या दारात उभं राहून हुंडा मागता? या गद्र्याच्या घरातून हुंडा जाणार नाही! चालते व्हा!”

रिसबुडांनी हात काढून घेतल्यावरच मी बॉनेट सोडलं, एवढे माझ्यावर संस्कार होते. टॅक्सी गेली. आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडत बसली. मी तिच्याजवळ बसले. खिडकीतून गॅरेज दिसत होतं. आप्पा मऊ फडकं घेऊन मडगार्डवरचे बोटांचे ठसे पुसत होते.

जूनमध्ये मी शाळेत कायम झाले. माझं ईप्सित साधलं. पेढे वाटले तेव्हा आप्पांनी दोन खाल्ले.

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण कुंपणापलीकडे सरोजिनीबाई लेले पापड वाळत घालत होत्या, आणि त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. आप्पांची शेवटची ओरड त्यांनी शब्दन् शब्द ऐकली होती. आधीचं काही ऐकलं नव्हतं. महिनाभरात गावभर झालं की गद्र्यांनी हुंडा मागणाऱ्या पुणेकरांना दारातून हाकलून दिलं. वखारीत लोक येऊन आप्पांचा हात हातात घेऊन जात. पहिल्यांदा आप्पा “अहो, तसं काही नाही,” म्हणाले. मग नुसते मान हलवायला लागले. आषाढी येईपर्यंत ते स्वतःच ती गोष्ट सांगायला लागले होते, आणि तीत गाडी क्वचितच यायची.

श्रावणात मंडळानं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मानपत्र. सरोजिनीबाई भाषणात म्हणाल्या, “जगात गाड्या पुष्कळ मिळतील, पण मुलगी ही मुलगी, हे ज्यांनी दाखवून दिलं, असे हे पिता!” टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पांनी रुमालानं डोळे टिपले. खोटं नाही हो, खरोखरच टिपले. त्यांना भरून आलं होतं. स्वतःचं एवढं कौतुक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग सरोजिनीबाईंनी मला पुढे ढकललं. “लेकीनं दोन शब्द बोलावेत!”

आईनं माझं पातळ मागून ओढलं. मी तरी उभी राहिले.

“आप्पांनी त्या पाहुण्यांना सांगितलं होतं की मुलगी उद्याच्या उद्या घेऊन जा, पण गाडी मिळणार नाही,” मी म्हटलं. “हे माझ्यासमोर झालं. मी तेव्हा बॉनेट धरून उभी होते. यापेक्षा जास्त मला काही सांगायचं नाही.”

सगळी सभा खळखळून हसली. लेक बापासारखीच गमतीदार आहे, असं कुणीतरी म्हणालं. पुन्हा टाळ्या. आप्पाही हसले, पण त्यांचं हसू जरा लवकर संपलं.

परत येताना आम्ही तिघं रिक्षात. आई एका कडेला, मी एका कडेला, मध्ये आप्पा, मांडीवर शाल आणि नारळ.

“असं का म्हणालीस गं चारचौघांत?” आप्पांनी शेवटी विचारलं.

“खोटं काय म्हणाले? तुम्ही मला उद्या न्या म्हणालात. गाडीला मात्र हात लावू दिला नाहीत.”

मला वाटलं चिडतील. निदान गडबडतील. पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कार्ब्युरेटर समजावताना बघायचे, आणि त्याच छान, शांत आवाजात म्हणाले,

“अगं वेडे, तू पुण्याला गेली असतीस तरी दिवाळसणाला आली असतीस, बाळंतपणाला आली असतीस. गाडीला कोण पाठवतं माहेरी?”